सावड

शिंपिणीच्या रानातला गहू पिकून करकरीत झाला होता आणि कापायला कुणी नव्हतं. वारा आला की ओंब्या एकमेकींवर घासून वाजायच्या. वारा पडला की दाणा झडल्याचा बारीक आवाज ऐकू यायचा. बांधाच्या अलीकडे उभी राहून लांबी तो आवाज तीन दिवस ऐकत होती. चौथ्या दिवशी सकाळी तिनं आढ्याला खोचलेला विळा काढला आणि उंबऱ्याच्या दगडावर घासायला बसली.

लांबी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. पण लग्न होऊन आली तेव्हा चौकटीला डोकं आपटलं आणि त्याच दिवशी गावानं बारसं उरकून घेतलं. शिंपीण तिच्या कोपराला लागायची. दोघी बांधावरून चालल्या की लोक म्हणायचे, निघाली काठी गाठोडं घेऊन. एकोणीस वर्षं दोघींची सावड होती. वरचं रान शिंपिणीचं, हलकं, त्यामुळे तिचा गहू चार-पाच दिवस आधी यायचा. तो दोघी मिळून कापायच्या. मग बांध ओलांडून खालच्या काळ्या रानात उतरायचं आणि लांबीचा कापायचा. शिंपी दिवसभर बाजारात मशीनवर बसलेला, लांबीचा नवरा गाडीवान कायम वाटेवर, तेव्हा शेताचं सगळं या दोघींच्याच हातावर. शिंपिणीचा देव वेगळा, लांबीचा वेगळा. पण विळ्याला त्यातलं काही कळत नव्हतं आणि एकोणीस वर्षांत दोघींनाही त्याची कधी आठवण झाली नव्हती.

"कुठं निघालीस?" गाडीवानानं विचारलं. तो बैलांना पाणी दाखवून आला होता.

"कापायला."

"आपला अजून हिरवट आहे."

"वरचा झालाय."

गाडीवानानं बादली खाली ठेवली. "ती आहे का इथं?"

"गहू आहे ना," लांबी म्हणाली आणि अंगठ्यानं धार बघून उठली.

शिंपीण गावात नव्हती, त्याला पंधरा दिवस झाले होते. कुठंतरी लांब काहीतरी घडलं होतं. काय घडलं ते प्रत्येक जण वेगळं सांगत होता, पण कुणावर राग काढायचा याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं. बाजाराच्या दिवशी ऐन दुपारी दोन गाड्या भरून माणसं आली. ती बाहेरची होती असं गाव आता सांगत होतं. पण शिंप्यांच्या गल्लीत कुठलं घर कुणाचं, हे बाहेरच्यांना बोट दाखवल्याशिवाय कसं कळणार? धूर लांबीच्या अंगणापर्यंत आला. गाडीवान बाहेरगावी होता, मुलगा लांब खाणीवर कामाला. घरात लांबी आणि सून. तेवढ्यात परसदार वाजलं.

"लांबे, दार उघड. म्हातारी सासू आहे बरोबर. लांबे."

लांबी दाराशीच उभी होती. तिचा हात कडीवर होता. तिला कुणी अडवलं नव्हतं, तिचा हात कुणी धरला नव्हता. नुसती कडी वर उचलायची, एवढंच काम होतं. रस्त्यावर काचा फुटत होत्या, कुणीतरी ओरडत होतं आणि लांबीच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की ह्यांना आत घेतलं तर मागून ते येतील. दार दुसऱ्यांदा वाजलं ते हळू. बोटांच्या पेरांनी वाजवावं तसं. मग पावलं लांब गेली. बऱ्याच वेळानं तिनं दार उघडलं तेव्हा परसात एक कोंबडी माती उकरत होती, बाकी कुणी नव्हतं. सून चुलीपाशी उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. त्या दिवसापासून सासू-सुनेत त्यावर एक शब्द झाला नव्हता.

चार दिवसांनी शहरात दूध घालणारा सांगत आला, की शिंपी आणि त्याची माणसं तिथल्या शाळेत आहेत. सरकारनं तिथं सगळ्यांना ठेवलंय. लांबीनं विचारलं, "किती जण आहेत त्यांच्यातले?" तो म्हणाला, "मी काय मोजायला बसलो होतो?" आणि पुढं गेला.

पहिल्या दिवशी लांबी एकटीच कापत राहिली. एवढं मोठं रान आणि एकच विळा. दोघींनी पात धरली की एकीनं पुढं जायचं, दुसरीनं तिला गाठायचं, मध्ये बोलणं, मध्ये भांडण, त्यात दिवस सरायचा. आता कानाला नुसता विळ्याचा करकर आवाज. दुपारपर्यंत तिची कंबर धरली. उंच माणसाला कापणी वाईट, सगळं शरीर दुमडावं लागतं. फार पिकलेला गहू हळू धरावा लागतो, नाहीतर मुठीतच झडतो, आणि हळू धरला की कुसळं तळहातात शिरतात. संध्याकाळी तिचे हात भाकरी मोडण्याच्या लायकीचे राहिले नव्हते. सुनेनं ते पाहिलं आणि तुकडे करून ताट पुढं सरकवलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाला बांधावर आला. गावातल्या चार शहाण्यांपैकी तो एक, आणि त्या दिवसापासून तर चारांत पहिला झाला होता. छत्री मिटून तो उभा राहिला.

"वहिनी, बरं केलंत. मी म्हणतच होतो, कुणीतरी हात घालायला पाहिजे. नाहीतर गुरंच खाणार. आता ते कसले परत येतात!"

लांबी वाकलेली होती ती तशीच राहिली.

"माणसं हवी असली तर सांगा. चार बायका पाठवतो. आपल्याच माणसाच्या पदरात पडतंय म्हटल्यावर गाव मदत करेल."

"नको," ती म्हणाली. "होईल माझं."

"बघा बुवा. लाजू नका."

तो गेला. लांबीचे कान तापले होते. तो तिला चोर समजला होता आणि चोर म्हणून तिचं कौतुक करून गेला होता. त्याला खरं सांगायला तोंड होतं. पण खरं सांगितलं असतं तर विळा तिथंच थांबला असता. म्हणून तिनं पुढची मूठ धरली. त्या दिवशी पाणवठ्यावर दोन बायकांनी तिला हसून वाट दिली. एकीनं तर विचारलंसुद्धा, "घरातलं काही मिळालं का गं? मशीन चांगलं होतं म्हणतात." लांबीनं घागर अर्धीच भरली आणि निघाली.

तिसऱ्या दिवशी सून जेवण घेऊन आली. येताना तिच्या कमरेला दुसरा विळा होता. जेवण झाल्यावर ती परत गेली नाही. तिनं साडीचा काचा मारला आणि शेजारची पात धरली. माहेरी तिनं कधी गहू कापला नव्हता. पेंढी बांधली की सुटायची.

"वळण दे त्याला," लांबी म्हणाली. "गाठ नाही मारायची, पिळून खाली खोचायचं."

"असं?"

"असं. शिंपीण डाव्या हातानं बांधायची. तिचं बघून नको शिकूस, उलटं होईल."

तिच्या तोंडून एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ते नाव आलं होतं. दोघी थबकल्या आणि परत कापायला लागल्या.

पाचव्या दिवशी त्या रानाच्या मधोमध पोचल्या. पुढं कापत असलेली सून एकदम उभी राहिली.

"आत्या, इकडं या."

गहू तिथं आडवा झाला होता. गुरांनी तुडवल्यासारखा नव्हता, वाऱ्यानं पाडल्यासारखाही नव्हता. माणूस निजेल एवढी एक जागा, तिच्या कडेला दुसरी, मग तिसरी, आणि तिसरीला चिकटून एक आखूड. काडं आतल्या बाजूला दाबून एका सरळ रेषेत बसली होती. आखूड जागेच्या उशाशी हातावर चोळून खाल्लेल्या ओंब्यांची फोलपटं पडली होती.

"इथं होते ते," सून म्हणाली.

लांबी त्या जागेच्या कडेला गुडघ्यांवर बसली. बसल्यावर डोकं ओंब्यांच्या खाली गेलं आणि काडांच्या फटीतून समोर पाहिलं तर तिच्याच घराचं परसदार दिसत होतं. निळा रंग उडालेलं, सरळ समोर. अंधार पडेपर्यंत ती माणसं इथं पालथी पडून त्या दाराकडं बघत होती.

सून मागं उभी होती.

"मी पण नाही उघडलं, आत्या. चुलीपाशीच उभी होते मी. एक पाऊल टाकलं असतं तरी..."

"तू नवीन आहेस."

"पण त्यात काय?"

लांबीनं हात पुढं केला, सुनेनं तो धरून तिला उभं केलं. ती आडवी झालेली जागा विळ्यानं कापता येईना. मग दोघींनी हातानं एकेक काड उचलून पेंढी केली. त्याला अर्धा दिवस गेला.

सगळी कापणी संपायला आठ दिवस लागले. पेंढ्यांची सुडी रचली, खळं सारवलं आणि गाडीवानानं न विचारता बैल सोडून खळ्यावर आणले. तो बोलणारा माणूस नव्हता.

मळणी चालली असताना गिरणीवाला दुसऱ्यांदा आला. बरोबर आणखी दोघं होते.

"वहिनी, गावाचं असं ठरलंय," तो म्हणाला. "कष्ट तुमचे, तेव्हा निम्मा तुम्ही घ्या. निम्मा गावाच्या कामाला. कुणाची तक्रार नको."

लांबीनं बैलांमागून येत कपाळाचा घाम पुसला. "गहू शिंपिणीचा आहे."

"होता."

"आहे. तिला नेऊन द्यायचाय."

गिरणीवाला हसायला गेला आणि मध्येच थांबला. "मग हे इतके दिवस आम्हाला सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही आपलं शाबासकी देऊन गेलात."

त्याच्याबरोबरच्या एकाला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात दडवलं. गिरणीवाल्याचं तोंड लाल झालं. "ठीक आहे," तो म्हणाला. "मग सावड पण तिच्याशीच करा."

गावानं तिला शिवी दिली नाही की दगड मारला नाही. गावाला त्याची गरज नव्हती. सून दळण घेऊन गेली तर गिरणीचा पट्टा तुटला होता, आणि पट्टा तुटलेली गिरणी तिच्या डोळ्यांदेखत फिरत होती. तिनं डबा परत आणला आणि माळ्यावरचं जातं खाली काढलं. पाणवठ्यावर लांबी गेली की बायकांच्या घागरी लगेच भरायच्या. गाडीवानाला ज्याच्या विटा न्यायच्या होत्या त्यानं दुसरी गाडी ठरवली. आणि लांबीचा स्वतःचा गहू पिकला तेव्हा ती सात घरी फिरली. सात घरांत त्या दिवशी कुणाला ना कुणाला ताप होता. ज्यांच्या शेतात ती गेल्या वर्षी राबली होती, त्यांनी दारातूनच सांगितलं. एक म्हातारी तेवढी खरं बोलली. "यावंसं वाटतं गं. पण मला इथंच मरायचंय."

तेव्हा लांबीला राग आला नाही. तिला कडीवरचा स्वतःचा हात आठवला.

सासू-सुनांनी खालच्या रानात पात धरली. तिसऱ्या दिवशी दुपारी पश्चिमेला आभाळ जस्तासारखं झालं. वारा अचानक गार लागला. तिसरा भाग कापून पेंढ्या रानात पडल्या होत्या, बाकीचा उभा होता, आणि वर खळ्यात शिंपिणीच्या गव्हाची उफणलेली रास होती, पोत्यात भरायची राहिलेली. घरात ताडपत्री एकच.

गाडीवान ती खांद्यावर टाकून पळत आला आणि बांधावर उभा राहिला. वर बघितलं, खाली बघितलं, मग लांबीकडं बघितलं. तिचं वर्षभराचं अन्न तिच्या पायाशी पडलं होतं.

"दाणे आधी," गाडीवान म्हणाला. "पेंढ्या वाळवता येतात."

पेंढ्या पावसानं भिजल्या तर वाळवता येतात, पण आभाळ गारांचं होतं, आणि हे त्याला तिच्याइतकंच कळत होतं. तो वर पळाला. तिघांनी राशीवर ताडपत्री ओढून कडांवर दगड ठेवले, आणि दगड पुरेनात तेव्हा कडांवर स्वतःच बसले. गारा लिंबाएवढ्या होत्या. गाडीवानानं सुनेच्या डोक्यावर रिकामी पाटी धरली. पाव तासात सगळं झालं. खालच्या रानात उभा म्हणून काही राहिलं नाही. सोंगलेलं, न सोंगलेलं, सगळं चिखलात एकच झालं होतं.

लांबी बांधावरून उतरली नाही. तिथूनच बघितलं आणि म्हणाली, "पोती भरा."

नऊ पोती झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी जुंपली आणि ऊन डोक्यावर येताना ती शहरातल्या शाळेच्या फाटकाशी पोचली. व्हरांड्यात, पटांगणात, झाडांखाली माणसं होती. वर्गांच्या दारांना चादरी लावल्या होत्या. फाटकात टेबल टाकून एक कारकून बसला होता. त्यानं लांबीचं नाव, गाव आणि कुणाला भेटायचंय ते विचारलं. नाव ऐकून मान वर केली आणि एका मुलीला आत पाठवलं.

शिंपीण बाहेर आली. ती आणखी बुटकी झाल्यासारखी दिसत होती. अंगावर कुणाचं तरी ढगळ पोलकं होतं, आणि ते तिनं, शिंप्याच्या बायकोनं, अंगाबरोबर करून घेतलं नव्हतं. तिनं लांबीकडं पाहिलं नाही. सरळ गाडीपाशी गेली, एका पोत्याचं तोंड सैल केलं, मूठभर गहू काढला, फुंकर मारली, एक दाणा दाताखाली फोडला.

"वाळलाय चांगला," ती म्हणाली. "किती दिवस लागले?"

"आठ. मग मळणी."

"एकटी?"

"सून होती."

"तिला येतं कापायला?"

"शिकली."

शिंपिणीनं मूठ परत पोत्यात सोडली. गाडीवान बैलांना सावलीत घेऊन गेला. दोघी गाडीच्या चाकाशी उभ्या राहिल्या.

"शिंपी कसे आहेत?" लांबीनं विचारलं.

"हात मोडलाय. उजवा. बसेल म्हणतात डॉक्टर. सुई धरता येईल की नाही ते सांगत नाहीत."

"पोरगी?"

"आहे. बोलत नाही फारशी."

"आणि म्हातारी?"

शिंपिणीनं पदर तोंडाला लावला, काढला. "रानातच गेली. ऊन होतं, पाणी नव्हतं. पोरीनं ओंब्या चोळून तिच्या तोंडात घातल्या, तर चावता येईनात. संध्याकाळी ह्यांनी मोडक्या हातानं तिला उचलली. मेलेलं माणूस किती जड होतं गं."

गाडीच्या चाकाला धरून लांबी उभी होती. शेवटी तिनं मनात जे धरून आणलं होतं तेच काढलं.

"मी आत होते," ती म्हणाली. "तू हाक मारलीस तेव्हा. दाराशीच होते."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"दाराखालून तुझी पावलं दिसत होती." शिंपीण आता पहिल्यांदा वर बघून बोलत होती. "एवढी मोठी पावलं गावात दुसऱ्या कुणाची आहेत? म्हणून तर दुसऱ्यांदा वाजवलं. म्हटलं, उभी आहे, म्हणजे उघडेल."

लांबीनं मान खाली घातली. तिला रडू येत होतं, पण इथं रडायचा हक्क आपला नाही एवढं तिला समजत होतं.

"रोज विचार करते मी," शिंपीण म्हणाली. "मी आत असते आणि तू बाहेर, तर काय केलं असतं. एखाद्या दिवशी वाटतं, उघडलं असतं. एखाद्या दिवशी पोरीकडं बघते आणि वाटतं, नसतं उघडलं. पण म्हातारी डोळ्यांपुढं आली की मग विचारच करवत नाही. मग तुझा राग येतो. खूप येतो. तो काही नऊ पोत्यांनी जायचा नाही, लांबे."

"नको जाऊ दे."

"तुझा गहू कसा आला?"

लांबी पोत्यावरची माती झटकायला लागली. शिंपिणीनं तिच्या तोंडाकडं बघितलं, मग रस्त्याच्या कडेला साचलेल्या चिखलाकडं. गारा शहरातही पडल्या होत्या.

"किती गेला?"

"सगळा."

"आणि हा झाकलास?"

"ह्यांनी झाकला."

शिंपिणीनं पोत्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "सहा उतरव. तीन परत ने."

"मी घ्यायला नाही आले."

"आणि मी फुकटचं घ्यायला बसले नाही इथं!" तिचा आवाज एकदम चढला. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. "सकाळ-संध्याकाळ रांगेत ताट घेऊन उभी राहते मी. लोक कीव करून वाढतात. तू पण करणार? सावड आहे आपली. कापणाऱ्याचा वाटा कापणाऱ्याला. तीन ने म्हटलं की न्यायची."

"बरं," लांबी म्हणाली.

कारकून वही घेऊन गाडीपाशी आला. शाळेत धान्य आत घ्यायचं तर नोंद लागत होती. त्यानं पोती बघितली, शिंपिणीचं नाव लिहिलं, लांबीचं लिहिलं आणि पेन्सिल थांबवली.

"आणणारीचं नातं काय लिहू?"

लांबी गाडीवानाकडं बघायला लागली. गाडीवान बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता. नातं आपण सांगावं असं तिच्याजवळ काही उरलं नव्हतं. दार वाजलं त्या दिवसापर्यंत ती बहीण म्हणाली असती.

"शेजारीण," शिंपीण म्हणाली.

कारकुनानं लिहिलं. मग दोन्ही नावं परत एकदा वाचली, एक इकडचं, एक तिकडचं, आणि शिंपिणीला विचारलं, "शेजारी राहत होतात, की राहता? दोन रकाने आहेत. परत जाणारे वेगळे लिहायचेत."

शिंपीण पोत्याचं तोंड बांधत होती, डाव्या हातानं, उलटा पीळ देऊन. बांधून झालं. तिनं गाठ ओढून बघितली.

"राहतो," ती म्हणाली.